सीझरला आलेलं पत्र आणि ओळखीचे दगाबाज शब्द

परवा रात्री भाचीचा फोन आला. ती बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय इंग्रजी, आणि यंदा त्यांना शेक्सपिअरचं 'ज्युलिअस सीझर' लावलंय. "मामा, एक विचारू? हसू नकोस हं. हा आर्टेमिडोरस सीझरचा बॉयफ्रेंड आहे का?"

मी हसलोच. पण प्रश्न चुकीचा नव्हता. नाटकाच्या दुसऱ्या अंकात आर्टेमिडोरस नावाचा एक गृहस्थ सीझरला देण्यासाठी लिहिलेलं पत्र रस्त्यात उभं राहून वाचतो. पत्रात रोमचा सत्ताधीश सीझर याच्या खुनाचा कट करणाऱ्यांची आठ नावं आहेत. ब्रूटसपासून जप, कॅसिअसकडे लक्ष ठेव, कॅस्काच्या जवळ जाऊ नकोस, अशी ती यादी चालते. आणि खाली सही आहे: 'दाय लव्हर, आर्टेमिडोरस'.

आता 'लव्हर' म्हणजे काय हे मराठी माध्यमातल्या पाचवीच्या पोरालाही विचारावं लागत नाही. पण शेक्सपिअरच्या काळात 'लव्हर' हा शब्द जिवलग मित्रासाठी, हितचिंतकासाठी सर्रास चालायचा. याच नाटकात पुढे ब्रूटस भर चौकात भाषणाला उभा राहतो आणि सुरुवातच 'रोमन्स, कंट्रीमेन अँड लव्हर्स' अशी करतो. समोर हजारो माणसं आहेत. तो त्यांना 'मित्रहो' म्हणतोय, दुसरं काही नाही. मग तोच सांगतो की रोमच्या भल्यासाठी मी माझ्या 'बेस्ट लव्हर'ला मारलं. म्हणजे माझ्या सगळ्यात जवळच्या मित्राला.

भाचीला हे पटलं. पण मी तिला म्हटलं, तू ज्या शब्दाला हसलीस तो काही खरा धोक्याचा नाही. त्याच्या वरच्या ओळीत एक शब्द आहे, त्याच्यावरून तू निवांत पुढे गेलीस. परत वाच. तिनं वाचलं: 'सिक्युरिटी गिव्ह्ज वे टु कॉन्स्पिरसी'. "याचा अर्थ काय?" "सोपं आहे की. सिक्युरिटी कमी पडली, म्हणून कट झाला."

इथेच फसगत होते. बंदूकधारी रक्षक, मेटल डिटेक्टर, सोसायटीच्या गेटावरचे काका, हे सगळं आपल्या डोक्यातल्या 'सिक्युरिटी'त आहे. शेक्सपिअरच्या 'सिक्युरिटी'त यातलं काही नाही. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ 'चिंता नसणं'. निश्चिंतपणा. आणि चारी बाजूंनी शत्रू असताना माणूस निश्चिंत असेल तर त्याला आपण गाफील म्हणतो. आर्टेमिडोरस सीझरला सांगतोय की तू अमर नसशील तर जरा आजूबाजूला बघ, तुझी बेफिकिरीच कटाला वाट करून देतेय. 'मॅक्बेथ'मध्येही चेटकिणींची देवी हेकेट म्हणते की 'सिक्युरिटी' हा माणसाचा सगळ्यात मोठा शत्रू आहे. आजच्या अर्थानं वाचलं तर हे वाक्य वेडगळ वाटेल.

जुनी इंग्रजी वाचताना आपण ज्याची धास्ती घेतो ते शब्द वेगळेच असतात. एखादा अनोळखी, काटेरी शब्द दिसला की आपण थांबतो, तळटीप बघतो, अर्थ कळतो, पुढे जातो. त्यात वेळ जातो, पण नुकसान होत नाही. नुकसान करतात ते रोजच्या ओळखीचे शब्द. ते दारात उभे राहतात, आपण 'या, या' म्हणतो, आणि ते भलत्याच कामासाठी आलेले असतात. सीझरचंही तेच झालं म्हणा.

एक गोष्ट आधी साफ करतो. आपण ज्याला 'जुनी इंग्रजी' म्हणतो ती लिहिली गेली तेव्हा जुनी नव्हती. सीझरचा खून झाला इसवी सनापूर्वी 44 साली. शेक्सपिअरनं नाटक लिहिलं 1599च्या सुमारास, प्लुटार्क या प्राचीन ग्रीक लेखकाच्या चरित्रांच्या 1579च्या इंग्रजी भाषांतराचा आधार घेऊन. टॉमस प्लाटर नावाच्या एका स्विस प्रवाशानं 21 सप्टेंबर 1599 रोजी लंडनमध्ये सीझरवरचं नाटक पाहिल्याचं लिहून ठेवलंय, ते हेच असावं असं मानतात. म्हणजे ऐतिहासिक नाटक असूनही पात्रं बोलतात ती त्या काळच्या लंडनची चालू भाषा, थोडी पद्यात घोळवलेली. आपल्याकडे ऐतिहासिक मालिकेत मुद्दाम 'आज्ञा महाराज' वगैरे घालून भाषा जुनी करतात, तसा प्रकार इथे नाही. उलट शेक्सपिअरच्या रोममध्ये रात्री तीनचे टोले पडतात! टोले देणारी घड्याळं सीझरच्या रोममध्ये कुठून येणार? पण लंडनच्या प्रेक्षकाला त्यात काही खटकत नव्हतं, आणि भाषाही खटकत नव्हती. भाषा नंतर पुढे सरकली. नाटक मात्र 1623च्या छापील संग्रहात होतं तिथेच राहिलं.

शब्द सरकतात कसे, हे मराठी माणसाला परकं नाही. 'टीका' हा शब्द घ्या. ज्ञानेश्वरांनी गीतेवर टीका लिहिली. म्हणजे त्यांनी गीतेला नावं ठेवली का? टीका म्हणजे उलगडून सांगणं. आज संपादकीयात सरकारवर टीका होते ती वेगळी. आता ब्रूटसचं भाषण बघा. तो लोकांना म्हणतो, 'सेन्शुअर मी इन युअर विज्डम'. आजच्या इंग्रजीत 'सेन्शुअर' म्हणजे ठपका ठेवणं, निषेधाचा ठराव करणं. मग ब्रूटस काय म्हणतोय, 'शहाणपणानं माझी निंदा करा'? नाही. तो म्हणतोय, तुमच्या बुद्धीनं मला पारखा, काय तो निवाडा करा. पारखणं, मग दोष काढणं, मग फक्त दोष काढणं, असा त्या शब्दाचा उतार आहे. आपली 'टीका' त्याच उतारावरून घसरली.

आमच्या वेळी या नाटकाचं एक गाईड मिळायचं. पहिल्याच प्रवेशात एक सरकारी अधिकारी रस्त्यावरच्या मोच्याला 'नॉटी नेव्ह' म्हणतो. गाईडात समोर छापलं होतं: 'खोडकर बदमाश'. मी परीक्षेत तसंच लिहून आलो आणि मार्कही मिळाले. आता 'नॉटी' हा शब्द आला 'नॉट' म्हणजे शून्य यावरून. ज्याच्याजवळ काही नाही तो. मग ज्याची किंमत काही नाही तो. मग नालायक, दुष्ट. लहान मुलांना लाडानं 'नॉटी' म्हणणं बरंच पुढचं. 'मर्चंट ऑफ व्हेनिस'मध्ये पोर्शिआ म्हणते की या 'नॉटी' जगात एखादं सत्कृत्य असं चमकतं. तिथे 'खोडकर जग' घालून बघा, सगळी ओळ बालवाडीत जाऊन बसते.

'नेव्ह'ची गंमत याहून मोठी. मूळ अर्थ मुलगा. मग हाताखालचा मुलगा, नोकर. मग लबाड. हॉटेलातल्या 'पोऱ्या'सारखंच. 'ए पोऱ्या' यात वय किती, दर्जा किती आणि माया किती, हे म्हणणाऱ्याच्या आवाजावर. पहिल्या अंकात 'नेव्ह' ही शिवी आहे. चौथ्या अंकात युद्धाआधीची एक रात्र आहे, ब्रूटसला झोप नाही, आणि त्याचा छोटा नोकर ल्युशिअस वाद्य वाजवता वाजवता पेंगतोय. ब्रूटस म्हणतो, 'जेंटल नेव्ह, गुड नाइट'. बाळा, झोप. मग वाद्य मोडू नये म्हणून ते त्याच्या हातातून हळूच काढून घेतो. इथे 'नेव्ह'चा अर्थ 'लबाड' असा पाठ करून आलेला विद्यार्थी या नाटकातली सगळ्यात हळवी जागा हुकवतो.

आता मला ज्या दोन ओळी सगळ्यात आवडतात त्या सांगतो. तिसरा अंक, सीझर दरबारात येऊन बसलाय. ठरलंय असं की मेटेलस सिंबरनं भावाच्या शिक्षेबद्दल अर्ज घेऊन पुढे व्हायचं, त्या निमित्तानं सगळ्यांनी सीझरभोवती गोळा व्हायचं आणि वार करायचे. कटातला डेशिअस हळूच म्हणतो, मेटेलस कुठाय? जाऊ दे त्याला, 'अँड प्रेझेंटली प्रिफर हिज सूट टु सीझर'. ब्रूटस उत्तर देतो, 'ही इज अ‍ॅड्रेस्ड'.

चार शब्द, चारही ओळखीचे, चारही फसवे. 'प्रेझेंटली' म्हणजे आज अमेरिकन माणसाला 'सध्या', ब्रिटिश माणसाला 'थोड्या वेळानं'. तेव्हा अर्थ होता 'ताबडतोब'. 'प्रिफर' म्हणजे पसंत करणं नव्हे, पुढे करणं, सादर करणं. 'सूट' म्हणजे कोट-पँट नव्हे, अर्ज, विनंती. आणि 'अ‍ॅड्रेस्ड' म्हणजे पत्ता घातलेला नव्हे, तयार. 'त्याला लगेच अर्ज घेऊन पुढे जाऊ दे.' 'तो तयारच आहे.' खुनाआधीची ही कुजबुज आहे. आजच्या अर्थानं वाचली तर मेटेलस थोड्या वेळानं सीझरपेक्षा स्वतःचा सूट पसंत करणार आहे आणि त्याच्यावर पत्ता लिहिलाय, असं काहीतरी होतं.

'ताबडतोब'चं 'थोड्या वेळानं' कसं झालं, हे समजायला पुस्तक लागत नाही. प्लंबरला फोन करा. "आलोच साहेब." 'आलोच' या शब्दातला तो 'च' किती वाजता येतो हे आपण सगळे जाणतो. इंग्रजीत तत्परता दाखवणारा जो जो शब्द आला तो माणसांच्या आळसानं असाच ढिला झाला. 'सून' म्हणजे एके काळी 'त्याच क्षणी' होतं. 'अनॉन'ही तसंच. जुन्या नाटकात नोकर 'अनॉन, अनॉन' ओरडतो तेव्हा तो 'आलो आलो' म्हणत असतो, आणि येत नसतो.

'फाँड' हाही त्याच प्रवेशातला. सीझर पायाशी वाकलेल्या मेटेलसला म्हणतो, 'बी नॉट फाँड'. 'माझ्यावर प्रेम करू नकोस' असं नाही. 'मूर्खपणा करू नकोस', गोड बोलण्यानं विरघळणारा मी नव्हे. खुळावणं आणि आवडणं यांच्यातलं अंतर किती कमी, हे या शब्दानं दाखवून दिलं असं वाटतं खरं.

आता या नाटकातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द. हा कुणीच शब्दकोशात बघत नाही, कारण तो रोज कानावर पडतो: 'अँबिशस'. सीझरचा मित्र अँटनी खुनानंतर लोकांपुढे जे प्रसिद्ध भाषण करतो, त्यात तो पुन्हा पुन्हा येतो. ब्रूटस म्हणतो सीझर 'अँबिशस' होता, आणि ब्रूटस सन्माननीय गृहस्थ आहे. भाची म्हणाली, "मला हे कधी कळलंच नाही. अँबिशस होता तर होता. त्यासाठी मारायचं कशाला?"

तिची पिढी 'अँबिशस' हा शब्द नोकरीच्या अर्जात स्वतःच्या नावापुढे लावते. मराठीत 'महत्त्वाकांक्षी' म्हटलं तरी आज ते कौतुकच. पण रोममध्ये या शब्दाचं मूळ आहे मतांसाठी दारोदार फिरणं, आणि शेक्सपिअरच्या इंग्लंडमध्ये तो जवळजवळ पाप या खात्यात जमा होता. प्रत्येकाची जागा देवानं ठरवलेली आहे असं मानणाऱ्या समाजात आपल्या जागेवरून वर हात घालणं म्हणजे सगळी उतरंडच हलवणं. म्हणून अँटनी म्हणतो की तसं असेल तर तो 'ग्रीव्हस फॉल्ट', घोर अपराध होता. इथे 'अँबिशस'चं मराठी मी 'राज्यलोभी' असं करीन. तो शब्द घालून भाषण वाचा, म्हणजे अँटनीचा प्रत्येक पुरावा नेमका कुठे लागतो ते दिसतं. कैद्यांच्या खंडणीचे पैसे त्यानं सरकारी खजिन्यात भरले, राज्यलोभी असं करतो का? गरीब रडले तेव्हा तो रडला, राज्यलोभ्याचं काळीज असं असतं का? लुपरकलच्या सणाला मी तीनदा मुकुट पुढे केला, तीनदा त्यानं नाकारला. 'महत्त्वाकांक्षी' घातलं तर हे पुरावे हवेत तरंगतात.

आपल्याकडे उलटा प्रवास 'राजकारण' या शब्दाचा झाला. दासबोधात 'मुख्य हरिकथा निरूपण, दुसरें तें राजकारण' असं मोठ्या मानानं येतं. आज ऑफिसात कुणाला 'तू राजकारण करतोस' म्हणून बघा.

आता तू आणि तुम्ही. या बाबतीत मराठी वाचक इंग्रज वाचकाच्या पुढे आहे, आणि हे आपल्याला कुणी सांगत नाही याचं मला नेहमी आश्चर्य वाटतं.

शाळेत मला सांगितलं होतं की 'दाउ', 'दी', 'दाय' ही आदराची रूपं. बायबलात देवाला तसंच म्हणतात ना, म्हणून. आजच्या बऱ्याच इंग्रजांचाही हाच समज असतो. प्रत्यक्षात 'दाउ' म्हणजे तू. आपला 'तू', लॅटिनचा 'तू' आणि इंग्रजीचा 'दाउ' एकाच घराण्यातले. सीझर मरताना नाटकात लॅटिनमध्ये 'एत तू, ब्रूते?' म्हणतो, त्यातला 'तू' भाषांतर न करता आपल्याला कळतो. आणि 'यू' हे मुळात अनेकवचन, जे पुढे एकट्या माणसाला मानानं लावायला लागले. तुम्ही. हीच युक्ती मराठीनंही केली. देवाला 'दाउ' म्हणतात ते आपण विठ्ठलाला, आईला 'तू' म्हणतो त्याच न्यायानं.

म्हणून शेक्सपिअरच्या काळात दोन्ही रूपं चालू होती आणि कोण कुणाला काय म्हणतो याला किंमत होती. 'ट्वेल्फ्थ नाइट'मध्ये एकाला द्वंद्वाचं आव्हान लिहायचंय, तर दुसरा सल्ला देतो की पत्रात त्याला दोन-तीनदा 'दाउ' म्हण, बिघडत नाही. म्हणजे अरे-तुरे कर, तो पेटेल. हे फक्त नाटकात नव्हतं. 1603 साली विंचेस्टरला सर वॉल्टर रॅलेवर राजद्रोहाचा खटला चालला तेव्हा सरकारी वकील एडवर्ड कोक भर न्यायालयात त्याच्यावर कडाडला: मी तुला 'तू'च म्हणतो, तू गद्दार! त्यासाठी त्यानं 'दाउ'चं क्रियापदच केलं, 'आय दाउ दी'. आपलं 'अरे-तुरे करणे' इंग्रजीत एका शब्दात मावलं.

हे कान लावून पहिला प्रवेश परत ऐका. अधिकारी मोच्याला 'दाउ' म्हणतो. मोची प्रत्येक वाक्यात 'सर' आणि 'यू' लावतो. वरवर किती नम्र! पण तो त्या नम्रतेच्या आडून साहेबाची यथेच्छ टर उडवतोय. धंदा काय तुझा? तर म्हणे मी वाईट 'सोल' दुरुस्त करतो. कानाला 'सोल' म्हणजे जोड्याचा तळही आणि आत्माही. साहेब चिडतो. मोची म्हणतो, चिडू नका साहेब, आणि फाटलाच असाल तर तुम्हालाही दुरुस्त करीन. हे सगळं 'तुम्ही-साहेब' लावून. आपल्याकडचा तमाशातला सोंगाड्या सरदारासमोर असाच वाकून बोलतो.

'दाउ' फक्त खाली बघून वापरत नाहीत. ब्रूटस पेंगणाऱ्या ल्युशिअसला 'दाउ'च म्हणतो, ते मायेनं. आणि अँटनी. सीझरच्या प्रेतासमोर उभा राहून तो म्हणतो, 'ओ मायटी सीझर! डस्ट दाउ लाय सो लो?' एवढा मोठा तू, आणि इतका खाली पडलास? रोमचा धनी म्हणून ज्याच्यासमोर अदबीनं उभं राहायचं, तो मेल्यावर 'तू' झाला. घरातलं वडीलधारं माणूस गेल्यावर आयुष्यभर 'अहो' म्हणणारी बाई 'मला टाकून कसा रे गेलास' म्हणून रडते, ते ज्यानं ऐकलंय त्याला अँटनीची ही ओळ समजावून सांगावी लागत नाही.

शेक्सपिअर मराठीत आणणाऱ्या आगरकर, देवलांपासून शिरवाडकरांपर्यंत सगळ्यांना पानोपानी हा निर्णय घ्यावा लागला असणार. आजच्या इंग्रजी नाटकाचा अनुवादक 'यू'पाशी अडतो, तू की तुम्ही? शेक्सपिअर निदान खूण करून ठेवतो.

पण ही खूण म्हणजे व्याकरणाचा पक्का नियम नव्हे. आर्टेमिडोरसच्या पत्रात एकाच वाक्यात 'दाउ' आणि 'यू' दोन्ही आहेत. तेव्हाच घडी विस्कटायला लागली होती. सतराव्या शतकात 'यू' सगळ्यांनाच लावणं सुरक्षित ठरत गेलं. क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे लोक तत्त्व म्हणून न्यायाधीशालाही 'दाउ' म्हणत, सगळी माणसं सारखी म्हणून, आणि त्याबद्दल शिव्या आणि मार खात. शेवटी प्रमाण इंग्रजीतून 'तू' गेलाच. आपल्याकडे वारा नेमका उलटा आहे. माझी आई तिच्या मामासमोर मान वर करून बोलत नसे, 'तुम्ही' सोडाच, 'आपण' म्हणायची. माझी भाची मला "अरे मामा" म्हणते. मला त्याचं सुख आहे. आणखी चारशे वर्षांनी कुणी आजचं मराठी नाटक वाचेल तेव्हा त्याला 'अहो' शिकवायला तळटीप लागेल बहुतेक.

काही गोष्टी पटापट उरकतो. 'हिदर, दिदर, व्हिदर' पाहून घाबरायचं कारण नाही: इकडे, तिकडे, कुणीकडे. 'हेन्स, देन्स, व्हेन्स': इथून, तिथून, कुठून. आपली तर रोजची रचना आहे, इंग्रजीनंच ती टाकली. 'व्हेअरफोर' म्हणजे कुठे नव्हे, का. ज्युलिएट गच्चीत उभी राहून रोमिओला शोधत नसते. तू रोमिओच का झालास, हे विचारत असते. 'हॅथ' आणि 'डथ' म्हणजे 'हॅज' आणि 'डज'. दोन्ही रूपं चालू होती, कवीला हवं ते घेता येई, जसं आपल्या कवितेत 'म्हणतो' असताना 'म्हणे' चालतं. आणि 'हिज' कधीकधी 'त्याचा' नसून निर्जीव वस्तूचाही असतो, कारण 'इट्स' तेव्हा नुकता रुळत होता. कॅसिअस भांडताना म्हणतो की अशा वेळी प्रत्येक 'नाइस' चुकीला 'हिज' शेरा मिळणं बरं नव्हे. 'नाइस' म्हणजे इथे छान नाही, क्षुल्लक.

शरीराबद्दलचे शब्द मात्र जरा थांबून बघायला हवेत, कारण तिथे फक्त शब्द बदललेला नाही, सगळं वैद्यकच बदललंय. ब्रूटस रात्री उठून बागेत फिरतोय. बायको पोर्शिआ विचारते, तू आजारी आहेस ना, मग अंगरखा उघडा टाकून पहाटेचे ओले 'ह्यूमर्स' अंगात ओढणं 'फिजिकल' आहे का? 'फिजिकल' म्हणजे प्रकृतीला मानवणारं, औषधी. 'फिजिशियन'मध्ये तो अर्थ अजून शिल्लक आहे. आणि 'ह्यूमर' म्हणजे विनोद नव्हे. रक्त, कफ, पिवळं पित्त आणि काळं पित्त असे चार रस शरीरात असतात, त्यांचं प्रमाण बिघडलं की माणसाचं शरीर आणि स्वभाव दोन्ही बिघडतात, असा तो सिद्धांत. वात-पित्त-कफ ऐकत वाढलेल्या माणसाला हे सांगायला वेळ लागत नाही. आपण अजूनही 'त्याचं पित्त खवळलं' म्हणतो आणि मनात अ‍ॅसिडिटी नसते, राग असतो. कॅसिअसशी कडाक्याचं भांडण चालू असताना ब्रूटस म्हणतो, तुझ्या प्लीहेचं विष तूच पचव, तू फुटलास तरी चालेल. शेवटी ब्रूटसच्या प्रेतावर अँटनी म्हणतो की याच्यात सगळी तत्त्वं अशी नेमकी मिसळलेली होती की निसर्गानं उठून जगाला सांगावं, हा माणूस होता. त्या वैद्यकात याहून मोठी स्तुती नव्हती.

आणि एक छोटी फसगत, छापील अक्षरांनी केलेली. कॅस्का सांगतो की सीझरनं मुकुट नाकारला तेव्हा गर्दीनं आपले 'चॉप्ड' हात बडवून टाळ्या वाजवल्या. भाचीनं समासात प्रश्नचिन्ह काढलं होतं: 'हात तोडलेले??' नाही गं. भेगाळलेले. कष्टकऱ्यांचे हात, आजचं 'चॅप्ड'. मोच्याचे, सुताराचे. कॅस्काला त्यांची किळस येते, आणि 'तोडलेले' वाचलं तर ती किळसच हरवते.

काही शब्दांचे तर उच्चारच सरकलेत. कॅसिअस कडवटपणे म्हणतो की आता हे रोम खरंच 'रोम' झालं, एकाच माणसाला पुरेल एवढी जागा आहे यात. तेव्हा 'रोम'चा उच्चार 'रूम'सारखा व्हायचा, म्हणून तो श्लेष. आजच्या उच्चारात त्यातली धार गेली.

"मग मी वाचू कसं?" भाचीनं विचारलं. मी तिला म्हटलं, आधी एकदा नाटक बघ किंवा नुसतं ऐक, पुस्तक मिटून. नट 'दाउ' कसा उच्चारतो यावरून निम्मं कळतं. प्रत्येक शब्दाला थांबू नकोस. मग वाचताना जिथे वाक्य सोपं असून अर्थ विचित्र लागतो, तिथे थांब. अवघड वाक्याला तळटीप असतेच. सोप्या वाक्याला कधीकधी संपादकही टीप द्यायचा विसरतो. आणि कोशात बघायचंच असेल तर एखाद्या शब्दाचा पहिला अर्थ घेऊन निघू नकोस, शब्दाचं जुनं वय दाखवणारा कोश बघ, ग्रंथालयात असतो.

मग आम्ही फोनवरच तिसऱ्या अंकाची सुरुवात एकत्र वाचली. आर्टेमिडोरस ते पत्र घेऊन गर्दीत उभा आहे. दुसरा कुणी आपला कागद सीझरपुढे करतोय. आर्टेमिडोरस ओरडतो, आधी माझं वाचा, माझा 'सूट' सीझरला जास्त जवळून 'टच' करतो. तिनं स्वतःहून सांगितलं, "सूट म्हणजे अर्ज. टच म्हणजे तुमच्याशी संबंध आहे, तुमच्याच जिवाचं आहे." बरोबर. सीझर उत्तर देतो: 'व्हॉट टचेस अस अवरसेल्फ शॅल बी लास्ट सर्व्ह्ड'.

"हे 'अस' कोण? तो एकटाच आहे ना?"

"तूच सांग. आपल्याकडे एकटा माणूस 'आम्ही' कधी म्हणतो?"

ती क्षणभर गप्प झाली. "राजा असला की." ज्या माणसाला राजा व्हायचंय की नाही यावरून सगळा रक्तपात होणार आहे, तो आत शिरता शिरता सहज बोलून गेलाय: 'आमच्या स्वतःचं जे असेल ते सगळ्यात शेवटी बघू.' आर्टेमिडोरस परत विनवतो, उशीर करू नका, आत्ता वाचा. सीझर वैतागतो, 'व्हॉट, इज द फेलो मॅड?' इथला 'फेलो' म्हणजे सोबती नव्हे, कोण कुठला हलका माणूस. आणि शेजारी उभा असलेला पब्लिअस त्याला हाकलतो: 'सिरा, गिव्ह प्लेस'.

"'सिरा' म्हणजे सर?" तिनं विचारलं.

"नाही. 'सिरा' म्हणजे ए."

"ए, बाजूला हो," भाचीनं वाचलं.

पत्र त्याच्या हातातच राहिलं.